पोलादी ब्रेस चौकटीचं संगणकीय मॉडेल: सुरुवात एका तिरक्या पाइपापासून

माझ्या पहिल्या ब्रेस चौकटीच्या, म्हणजे तिरक्या ब्रेसने आडवा जोर पेलणाऱ्या चौकटीच्या, मॉडेलचा आलेख फार देखणा आला होता. चौकट डावी-उजवीकडे उंचीच्या दोन टक्क्यांपर्यंत हलवलेली आणि पडद्यावर जोर-सरकण्याच्या आलेखाचे भरगच्च लूप, दोन्ही बाजूंना अगदी सारखे. खूष होऊन मी प्रिंट काढली आणि सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, क्षणभर पाहिलं आणि विचारलं, "काय गं, ब्रेस वाकला कधी?"

"वाकला असेल ना सर. नॉनलिनिअर मटेरियल दिलंय."

"मटेरियल दिलंस. वाकायला कारण दिलंस का?"

नव्हतं दिलं. ब्रेस मी अगदी सरळ रेषेत काढला होता. संगणकाच्या जगात अगदी सरळ काठी टोकांकडून दाबली, तर ती बाजूला जात नाही, नुसती आखडते. माझा ब्रेस दाबातही ताणाइतकीच ताकद दाखवत होता. असा ब्रेस जगात कुठल्याच फॅब्रिकेटरने बनवलेला नाही.

एमटेकची मुलं आणि कन्सल्टन्सीत नव्याने आलेले इंजिनिअर दर वर्षी हेच मला विचारतात, म्हणून ही वाट एकदा नीट लिहून काढते आहे. सॉफ्टवेअर ओपनसीस. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात फ्रँक मॅकेना यांच्या १९९७ च्या प्रबंधातून ते उभं राहिलं आणि अभ्यासासाठी मोफत मिळतं. आता ते पायथनमधूनही चालवता येतं. पायथन जेमतेम येत असेल तरी चालेल. स्टिफनेस मॅट्रिक्स म्हणजे काय हे मात्र माहीत हवं. आज्ञांची नावं मी उच्चाराप्रमाणे देते आहे. ओपनसीसच्या मदतपानांवर ती लगेच सापडतात.

हा खटाटोप कशासाठी

ऑफिसातल्या रोजच्या डिझाइनमध्ये आपण ब्रेसला रेषीय समजतो, जोर काढतो, सेक्शन तपासतो आणि पुढे जातो. पण तो जोर मुळात कमी करून घेतलेला असतो. पोलादी बांधकामाचं भारतीय कोड आयएस ८००:२००७ साध्या ब्रेस चौकटीला ४ आणि विशेष ब्रेस चौकटीला ४.५ हा रिडक्शन फॅक्टर देतं. भूकंपात चौकट रेषीय राहिली असती तर जेवढा जोर आला असता, त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास आपण डिझाइन करतो. उरलेला हिशेब ब्रेसने वाकून, ताणून, पुन्हा वाकून चुकता करायचा असतो. तो खरंच तसं करतो का, आणि किती फेऱ्या तग धरतो, हे रेषीय मॉडेल कधीच सांगणार नाही.

१७ जानेवारी १९९४ ला अमेरिकेतल्या नॉर्थरिजला आणि बरोबर एक वर्षाने, त्याच तारखेला, जपानमधल्या कोबेला भूकंप झाला. दोन्हीकडे ब्रेस वाकलेले, मधोमध फाटलेले आणि जोडातून सुटलेले सापडले. आज आपण मॉडेलिंगचे जे नियम वापरतो, त्यांतले बरेच त्यानंतरच्या प्रयोगांतून आले आहेत.

पहिली पायरी: संगणक बंद ठेवा, कागद घ्या

ही पायरी वगळून पुढे गेलेला प्रत्येक जण नंतर परत इथेच येतो.

हिशेब सोपा व्हावा म्हणून आपण एक मजली, एका गाळ्याची चौकट घेऊ. उंची ३ मीटर, गाळा ४ मीटर, म्हणजे तिरका ब्रेस ५ मीटर. शाळेतला ३-४-५ चा त्रिकोण. या ५ मीटरमध्ये दोन्ही टोकांचे गसेट (ब्रेसला चौकटीशी जोडणाऱ्या प्लेट) आणि जोडाची जागा धरलेली आहे. प्रत्यक्षात वाकणारी लांबी, एका गसेटच्या वाकण्याच्या रेषेपासून दुसऱ्याच्या रेषेपर्यंत, ४२०० मिमी धरू.

ब्रेस म्हणून १०० × १०० × ५ ची चौकोनी पोकळ नळी घेऊ, आयएस ४९२३ मधल्या ३१० ग्रेडची, म्हणजे ३१० मेगापास्कलला यील्ड होणारी (कायमची लांबायला लागणारी). कोपऱ्यांची गोलाई सोडून दिली तर क्षेत्रफळ १९०० चौमिमी आणि रेडियस ऑफ जायरेशन ३८.८ मिमी. सडपातळपणा ४२०० भागिले ३८.८, म्हणजे १०८. आयएस ८०० ची मर्यादा साध्या ब्रेस चौकटीला १२० आणि विशेष चौकटीला १६० आहे, तेव्हा दोन्हीत बसतो.

आता चार आकडे काढा आणि वहीत मोठ्या अक्षरात लिहा.

ताणातली यील्ड ताकद: १९०० × ३१० = ५८९ किलोन्यूटन.

ऑयलरचा जोर (अगदी सरळ इलास्टिक काठी बाजूला वाकते तो): दोन्ही टोकं पिन धरली आणि ई म्हणजे २ लाख मेगापास्कल घेतलं, तर ३२१ किलोन्यूटन.

यील्ड होताना ब्रेस किती लांबतो: स्ट्रेन ०.००१५५ गुणिले ४२००, म्हणजे ६.५ मिमी. ब्रेसच्या कोनाचा कोसाइन ०.८. म्हणून बीमच्या पातळीला ८.१ मिमी सरकलं की ब्रेस यील्ड होतो. ३ मीटर उंचीत हा ०.२७ टक्के ड्रिफ्ट (उंचीच्या मानाने सरकणं) झाला.

वाकण्याचा जोर: इथे थोडा विचार लागतो. नळी मधोमध लांबीच्या हजाराव्या भागाइतकी, म्हणजे ४.२ मिमी, आधीच बाहेर असेल तर पेरीच्या सूत्राने पहिलं यील्ड सुमारे २८० किलोन्यूटनला येतं. पाचशेव्या भागाइतकी, ८.४ मिमी, बाहेर असेल तर सुमारे २५३ ला. आयएस ८०० चे कॉलम-वक्र सुरक्षा गुणक न लावता वापरले तर गरम रोल केलेल्या नळीला २६० आणि थंड वाकवलेल्या नळीला २३६ मिळतात. २३६ ते २८० हा आपला पट्टा. मॉडेलने ४०० दाखवलं तर ते मॉडेल चुकलेलं आहे, त्यावर चर्चा नको.

या आकड्यांवरूनच बरंच दिसतं. ब्रेस दाबात साधारण ०.११ ते ०.१३ टक्के ड्रिफ्टलाच वाकणार. आडवा जोर ताणाच्या बाजूला ५८९ × ०.८, म्हणजे ४७१ किलोन्यूटन असेल, तर दाबाच्या बाजूला जेमतेम १९०-२२५. माझ्या त्या पहिल्या आलेखातली डाव्या-उजव्या बाजूंचा सारखेपणाच चूक ओरडून सांगत होता. हा हिशेब आधी केला असता, तर सरांच्या टेबलापर्यंत जायची वेळच आली नसती.

अजून एक आकडा काढा, तो मला फार आवडतो. एक टक्का ड्रिफ्टला बीम ३० मिमी सरकतो आणि ब्रेस २४ मिमी आखडतो. वाकलेल्या ब्रेसचे मधल्या बिजागरीने जोडलेले दोन सरळ तुकडे झाले असं समजा आणि पायथागोरस लावा. मधला बिंदू सुमारे २२४ मिमी बाहेर गेलेला असतो. बीम सरकला एक इंच, ब्रेसचं पोट बाहेर आलं वीतभर. ब्रेसला खेटून जिप्समचं पार्टिशन मारणाऱ्या मंडळींना हा आकडा जरूर सांगावा.

दुसरी पायरी: एकटा ब्रेस

चौकट अजून नको. आधी फक्त ४२०० मिमीची नळी. एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला लांबीच्या दिशेने सरकणारा रोलर.

एकक आधीच ठरवा: न्यूटन, मिलिमीटर, मेगापास्कल. पुढे डायनॅमिक करायचं असेल तर याच पद्धतीत वस्तुमान टनात जातं आणि पोलादाची घनता ७८५० ऐवजी ७.८५ गुणिले दहाचा उणे नववा घात होते. इथे किलो टाकणारे खूप आहेत. त्यांच्या इमारतीचा कालावधी तीसपट निघतो आणि मग ते सॉफ्टवेअरला दोष देतात.

नळीचे आठ तुकडे करा, म्हणजे नऊ नोड. हे नोड सरळ रेषेत ठेवू नका. अर्ध्या साइन लहरीच्या आकारात ठेवा, मधला नोड ८.४ मिमी बाहेर. मी पाचशेवा भाग का घेते? थंड वाकवलेल्या नळीत वेल्डिंगचे आणि वाकवण्याचे अंतर्गत ताण शिल्लक असतात आणि आपलं साधं फायबर मॉडेल ते धरत नाही. बाक थोडा वाढवला की वाकण्याचा जोर कोडच्या वक्राजवळ येतो. हजारावा भागही अनेक जण वापरतात आणि तेही चूक नाही. एकदा ठरवलं की अहवालात लिहून ठेवा, एवढंच.

प्रत्येक तुकडा फोर्स-बीम-कॉलम प्रकारचा, त्यात तीन ते पाच इंटिग्रेशन पॉइंट (छेद तपासायच्या जागा). सेक्शन फायबरचा, म्हणजे छेदाचे बारीक तुकडे करून: नळीच्या चार भिंती वेगवेगळ्या काढा. वाकण्याच्या दिशेला समांतर असलेल्या भिंतींत दहा-बारा फायबर, जाडीत दोन. द्विमितीय मॉडेलमध्ये आडव्या दिशेने जास्त फायबर पाडून काहीच हाती लागत नाही, नुसता वेळ जातो.

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची ओळ. भूमितीय ट्रान्सफॉर्मेशन को-रोटेशनल (प्रत्येक तुकड्यासोबत फिरणारं) हवं. लिनिअर दिलं तर ब्रेस वाकणारच नाही. पी-डेल्टा दिलं तर तुकडे बाजूला जातील, पण बाजूला गेल्यामुळे ब्रेसची लांबी आखडते, ती त्यात धरली जात नाही. वर आपण २४ मिमी आणि २२४ मिमीचं जे नातं काढलं, ते फक्त को-रोटेशनलला कळतं.

मटेरियल लगेच नॉनलिनिअर करू नका. पहिल्यांदा साधं इलास्टिक द्या आणि टोक हळूहळू दाबत न्या. जोर वाढत वाढत ३२१ किलोन्यूटनच्या जवळ जाऊन आडवा झाला पाहिजे. झाला, तर भूमिती, बाक, सेक्शन आणि एकक हे चारही बरोबर आहेत. झाला नाही, तर या चारांतलं काहीतरी बिघडलं आहे आणि ते आत्ता शोधणं फार स्वस्त पडतं. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ जणांनी ती केलेली नसते.

मग स्टील-झीरो-टू लावा. हे जुफ्रे-मेनेगोट्टो-पिंटो यांचं मॉडेल. यील्डच्या कोपऱ्याला ते गोलाई देतं आणि उलट्या दिशेने लोड करताना पोलाद लवकर नरम पडतं, तो बाउशिंगर परिणामही धरतं. यील्ड ३१०, हार्डनिंगचं प्रमाण अर्धा ते एक टक्का, आर-नॉट २०, पुढचे दोन आकडे ०.९२५ आणि ०.१५. प्रयोगाशी तुलना करायची असेल तर ३१० ऐवजी मिलच्या प्रमाणपत्रावरची खरी यील्ड ताकद टाका. ती बहुधा जास्तच निघते.

पुन्हा नुसतं दाबून पाहा. शिखर आपल्या पट्ट्यात आलं पाहिजे आणि त्यानंतर जोर झपाट्याने घसरला पाहिजे.

तिसरी पायरी: फेऱ्या

आता टोक मागे-पुढे हलवायचं. हे लोड-कंट्रोलने होत नाही. शिखर ओलांडल्यावर ब्रेस मागितलेला जोर देऊच शकत नाही आणि गणित अडकतं. डिस्प्लेसमेंट-कंट्रोल वापरा.

फेऱ्यांचा क्रम कुठला? अमेरिकेत पोलादी घटकांच्या चाचण्यांसाठी १९९२ पासून एटीसी-२४ हा क्रम रूढ झाला. त्याचं तत्त्व साधं आहे: लहान फेऱ्यांपासून सुरुवात, प्रत्येक टप्प्याला दोन-तीन फेऱ्या, मग टप्पा वाढवायचा. शिकण्यासाठी मी ड्रिफ्टचे हे टप्पे देते: ०.१, ०.२, ०.३, ०.५, ०.७५, १, १.५ आणि २ टक्के, प्रत्येकी दोन फेऱ्या. पहिला टप्पा वाकण्याच्या आत आहे, दुसरा वाकण्यापलीकडे पण यील्डच्या आत, तिसरा यील्डच्या जरा पुढे. असं मुद्दाम ठेवलं आहे, म्हणजे एकेक घटना वेगळी दिसते. एकट्या ब्रेससाठी हेच आकडे मिमीत करून ०.८ ने गुणा.

यील्डपलीकडचा पहिला लूप नीट पाहा, बोट ठेवून पाहा. दाबात शिखर येतं, ब्रेस वाकतो, जोर घसरतो. परत फिरवलं की ब्रेस लगेच ताठ होत नाही. आधी बाक सरळ व्हावा लागतो, तोवर आलेख जवळजवळ आडवा रेंगाळतो. बाक गेला की एकदम चढ लागतो आणि ताणात ५८९ च्या आसपास यील्ड. यील्ड झाला म्हणजे ब्रेस कायमचा लांबला. पुन्हा दाबाकडे वळलं की या वेळी शिखर पहिल्याहून खाली येतं, कारण सरळ झालेल्या ब्रेसमध्येही थोडा बाक राहून गेलेला असतो आणि पोलादही बाउशिंगरमुळे नरम झालेलं असतं. पुढच्या प्रत्येक फेरीत ते शिखर आणखी खाली. मोठ्या फेऱ्यांत वाकलेल्या ब्रेसचा दाबातला जोर पहिल्या शिखराच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली जातो. अमेरिकेच्या पोलादी भूकंप-कोडमध्ये वाकलेल्या ब्रेसला ०.३ चा गुणक आहे, तो यामुळेच.

असा चिमटलेला, लंगडा, एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला बसका लूप दिसला की मॉडेल शुद्धीवर आहे असं समजा.

चौथी पायरी: गणित अडकतं तेव्हा

अडकणारच. वरचा क्रम मोजून पाहा: सगळ्या टप्प्यांची बेरीज ६.३५ टक्के, म्हणजे १९०.५ मिमी. प्रत्येक फेरीत चार वेळा तेवढं अंतर आणि दोन फेऱ्या, म्हणून एकूण प्रवास १५२४ मिमी. ०.१ मिमीची पायरी ठेवली तर पंधरा हजारांवर पायऱ्या. यातली एखादी वाकण्याच्या किंवा सरळ होण्याच्या नेमक्या क्षणी अडकली तरी सगळं थांबतं.

उपाय ठरलेला आहे. प्रोग्रामचा लूप लिहा: पायरी न्यूटनच्या पद्धतीने करून पाहा. नाही जमली तर क्रायलॉव्ह-न्यूटन. तरी नाही तर पायरीचे दहा भाग करा आणि ०.०१ मिमीने पुढे सरका. अडथळा पार झाला की परत ०.१ वर या. माझ्या अनुभवात नव्वद टक्के अडचणी एवढ्यावर सुटतात.

जे करू नये ते म्हणजे टॉलरन्स (चालवून घेतलेली चूक) वाढवत नेणं. एका मुलाने १ गुणिले दहाचा उणे आठवा घात असलेला टॉलरन्स वाढवत वाढवत १० वर नेऊन ठेवला होता. मिलिमीटरमध्ये. ब्रेसचं सगळं यील्ड ६.५ मिमीत होतं आणि त्याच्या मॉडेलला १० मिमीची चूक चालत होती. गणित मात्र एकदाही अडकलं नाही, हे खरं!

दुसरी सवय: दर वेळी संतुलन हाताने तपासा. कुठलीही एक पायरी निवडा, ब्रेसचा जोर गुणिले कोसाइन अधिक कॉलमचे आडवे जोर करा. पायथ्याच्या प्रतिक्रियांशी जुळलं पाहिजे.

पाचवी पायरी: गसेट

इथवर दोन्ही टोकं पिन होती. प्रत्यक्षात ब्रेस गसेट प्लेटला वेल्ड केलेला असतो. तो चौकटीच्या बाहेर वाकला की गसेटला वळावं लागतं. वरच्या हिशेबातले २२४ मिमी भागिले अर्धी लांबी २१०० मिमी, म्हणजे टोकाशी ०.१ रेडियनहून जास्त, जवळपास सहा अंश. गसेटला वळायला जागा नसेल तर वेल्ड फाटतो. म्हणून ब्रेसचं टोक आणि गसेटची वाकण्याची रेषा यांत प्लेटच्या जाडीच्या दुप्पट जागा सोडायची. हा नियम १९८० च्या दशकात मिशिगन विद्यापीठात अस्ताने-अस्ल, गोयल आणि हॅन्सन यांच्या प्रयोगांतून आला. पुढे वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लेहमन आणि रोडर यांच्या गटाने लंबवर्तुळाकार रेषेचा पर्याय दिला, त्यात गसेट लहान होतो.

मॉडेलमध्ये गसेट म्हणजे एक फिरकी स्प्रिंग, झीरो-लेंथ एलिमेंट. तिची ताठरता काढायला व्हिटमोर रुंदी लागते. वेल्डच्या सुरुवातीपासून दोन्ही बाजूंना ३० अंशांनी रेघा काढा, वेल्डच्या शेवटाशी त्यांच्यामधलं अंतर म्हणजे ती रुंदी. आपली नळी १०० मिमी रुंद, वेल्ड २५० मिमी लांब, म्हणून रुंदी ३८९ मिमी. प्लेट १० मिमी जाड आणि टोकापासून कोपऱ्यापर्यंतची सरासरी लांबी १५० मिमी धरली, तर प्लेटच्या पट्टीची ताठरता सुमारे ४३ किलोन्यूटन-मीटर प्रति रेडियन येते. प्लेट २५० मेगापास्कलची असेल तर तिचा यील्ड मोमेंट जेमतेम १.६ किलोन्यूटन-मीटर. नळीचा स्वतःचा प्लास्टिक मोमेंट २१ आहे. म्हणजे आपला गसेट जवळजवळ पिनच आहे आणि सुरुवातीला पिन धरून आपण मोठी चूक केली नव्हती. प्लेट २० मिमीची केली असती तर ताठरता आठपट झाली असती आणि मग हा प्रश्न गंभीर.

गसेटच्या आतला भाग, म्हणजे स्प्रिंगपासून बीम-कॉलमच्या मध्यरेषेपर्यंतचा, ताठ इलास्टिक तुकड्याने दाखवा. ताठ म्हणजे बाजूच्या सदस्याच्या दहापट वगैरे. दहा लाखपट नव्हे. तेवढं दिलं की मॅट्रिक्स बिघडतं आणि तुम्ही परत चौथ्या पायरीवर.

सहावी पायरी: तुटणं

आतापर्यंतचा ब्रेस अमर आहे. शंभर फेऱ्या दिल्या तरी वाकत राहील. खरी नळी अशी वागत नाही. मधोमध वाकल्यावर तिथली भिंत आत चेपते, कोपऱ्यांवर स्ट्रेन गोळा होतो, पुढच्या ताणात कोपऱ्याला चीर पडते आणि अजून एक-दोन फेऱ्यांत नळी फाटते. फायबर सेक्शनला हे भिंतीचं चेपणं दिसत नाही, कारण त्याच्या लेखी वाकल्यावरही छेद सपाट राहतो.

यावर बर्कलेच्या पात्सी उरिझ आणि स्टीव्हन माहिन यांनी तोडगा काढला. २००८ च्या त्यांच्या अहवालात दोन मजली ब्रेस चौकटीचा मोठा प्रयोग आणि हे मॉडेलिंग, दोन्ही सविस्तर आहे. स्टील-झीरो-टूला फटीग नावाच्या मटेरियलचं वेष्टण घालायचं. ते प्रत्येक फायबरच्या स्ट्रेनच्या फेऱ्या मोजतं, कॉफिन-मॅन्सनच्या नात्याने झीज साठवत जातं आणि झीज १ झाली की त्या फायबरचा स्ट्रेस शून्य करतं. फायबर एकेक करून गळतात आणि ब्रेस फाटल्यासारखा दिसतो.

ओपनसीस यात न सांगता ०.१९१ आणि उणे ०.४५८ हे आकडे भरतं. ते डोळे मिटून वापरू नका. नळीची भिंत किती पातळ आणि ब्रेस किती सडपातळ, यावर हे आकडे बदलतात. करामांची आणि लिग्नोस यांनी २०१४ मध्ये प्रयोगांच्या मोठ्या संचावरून तशी नाती बसवून दिली आहेत. शिवाय स्ट्रेन किती गोळा होतो हे तुम्ही किती तुकडे आणि किती इंटिग्रेशन पॉइंट घेतले त्यावरही अवलंबून असतं. आठ तुकड्यांवर जुळवलेले आकडे सोळा तुकड्यांच्या मॉडेलला लावले तर ब्रेस वेगळ्याच फेरीत तुटतो. मॉडेल 'अजून बारीक' करून ते 'अजून अचूक' होईल ही समजूत इथे उलटी पडते.

ब्रेस कुठे तुटला हेही पाहा. मधोमध हवा. टोकाशी तुटत असेल तर गसेटची स्प्रिंग तपासा.

मोजमापासाठी जुने प्रयोग वापरा. १९८० मध्ये बर्कलेला ब्लॅक, वेंगर आणि पोपोव्ह यांनी २४ पोलादी स्ट्रट मागे-पुढे लोड करून तपासले. त्या अहवालातले लूप आजही मॉडेल पारखायला वापरले जातात. तुमच्यासारखा सडपातळपणा असलेला एक नमुना निवडा आणि पाच गोष्टी जुळतात का पाहा: पहिलं शिखर, ताणातली ताकद, फेरीगणिक शिखराची घसरण, मधल्या बिंदूचं बाहेर जाणं आणि कुठल्या फेरीत तुटला ते. पहिल्या दोन सहज जुळतात. तिसरीला घाम फुटतो.

सातवी पायरी: आता चौकट

कॉलम आणि बीम पहिल्यांदा इलास्टिक, सगळे जोड पिन. मग आडवा जोर फक्त ब्रेसमधून जातो आणि वहीतल्या ४७१ शी थेट ताडून पाहता येतो. जुळलं की खरे जोड आणा, कारण पिनच्या चौकटीत ब्रेस तुटला की उरलेली चौकट उभी राहायला कुणीच नाही. ती यंत्रणा बनते आणि गणित कोसळतं. प्रत्यक्षात गसेटमुळे बीम-कॉलमचा जोड बराच ताठ झालेला असतो आणि कॉलमचा पायाही पूर्ण पिन नसतो. ब्रेस गेल्यावर तीच काय ती शिल्लक ताकद. गुरुत्वाचा भार आधी लावा, तो स्थिर करा, मग आडव्या फेऱ्या सुरू करा.

एकच तिरका ब्रेस शिकायला बरा, बांधायला नाही. आयएस ८०० ला ब्रेसच्या एका ओळीतल्या आडव्या जोराचा ३० ते ७० टक्के वाटा ताणातल्या ब्रेसकडे हवा असतो, म्हणजे दोन्ही दिशांचे ब्रेस आलेच. आपल्या मॉडेलला आरसा धरा: गाळा ८ मीटर करा, दोन्ही कोपऱ्यांतून निघालेले तेच ५ मीटरचे ब्रेस बीमच्या मध्यावर भेटू द्या. झाली शेव्हरॉन चौकट.

आणि आता बीम इलास्टिक ठेवू नका. एक ब्रेस ताणात ५८९ ने बीमला खाली ओढतो. दुसरा वाकलेला, त्याच्याकडे २५० च्या ३० टक्के, म्हणजे ७५ उरलेले, तेवढ्यानेच वर ढकलतो. उभा घटक ०.६, म्हणून बीमच्या मध्यावर खालच्या दिशेने सुमारे ३०८ किलोन्यूटन. टोकं पिन धरली तर मोमेंट ६१७ किलोन्यूटन-मीटर. आयएसएमबी ५०० चा (५०० मिमी खोल भारतीय आय-बीमचा) प्लास्टिक मोमेंट २५० मेगापास्कलला सुमारे ५१८ आहे. पुरत नाही. ६०० चा ८७८, तो पुरतो. दोन्ही बीम फायबरने मॉडेल करून एकाच क्रमाने चालवा आणि लूप एकावर एक ठेवा. ५०० च्या मॉडेलमध्ये बीमचा मध्य फेरीगणिक खाली बसत जातो. बीमच खाली आल्यामुळे ताणातला ब्रेस ५८९ पर्यंत पोचतच नाही. ६०० च्या मॉडेलमध्ये पोचतो. वजनातला फरक मीटरमागे साधारण ३६ किलोंचा आहे, आणि आर्किटेक्टचा फोन येईल तेव्हा हे दोन लूप समोर असलेले बरे.